ताप आला की नक्की कोणती तपासणी करायची? (डेंग्यू + टायफॉइड, दोन्ही एकदम?)

गोदाकाठची

मंडळी, जरा घाईत लिहितेय. आमच्या नाशिकच्या इंदिरानगर–पाथर्डी फाटा पट्ट्यात सध्या घरटी एक तापाचा पेशंट आहे. भाचा, वय १६. ताप १०२-१०३, डोकं आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग ठणकतंय. खोकला-सर्दी नाही. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून 'फिव्हर पॅनल' करून आणायला सांगितलं. रिपोर्ट असा: डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह, विडाल (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह (ओ १:१६०), मलेरिया निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट १ लाख १० हजार.

डॉक्टर म्हणाले, डेंग्यूही आहे आणि टायफॉइडही. ॲडमिट करा, सात दिवस सकाळ-संध्याकाळ शिरेतून अँटिबायोटिक. बहीण बॅग भरून तयार, मेहुणे म्हणतात आधी कोणाला तरी विचारू. पोरगं शुद्धीत आहे, पाणी पितंय, उलटी नाही, लघवी होतेय.

दोन्ही आजार एकाच वेळी खरंच होतात का? आणि ताप आला की पहिल्या दिवशी काय तपासायचं, चौथ्या दिवशी काय, याचा काही हिशोब असतो का? की लॅबचं पॅकेज असेल ते सगळं करायचं?

सिडकोकर_मंग्या

एकावर एक फ्री. श्रावण सेल चालू आहे.

(हलके घ्या. ताई, पोराला बरं वाटो.)

उंटवाडी_एक्सप्रेस

आमच्या घरात मागच्या पावसाळ्यात तिघांना ताप आला आणि तिघांचीही विडाल पॉझिटिव्ह निघाली. मोत्याचं रक्त दिलं असतं तर त्याचीही आली असती असा मला दाट संशय आहे.

स्टेथो_आणि_चहा

मोत्याबद्दल सांगू शकत नाही, पण माणसांबद्दल उंटवाडीकर फार चुकत नाहीत. मी फिजिशियन आहे. पेशंट न बघता इथून औषध सांगणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

विडाल टेस्ट १८९६ सालची आहे. फर्नांड विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी काढली तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधते. ही अँटिबॉडी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे खऱ्या टायफॉइडमध्ये दुसऱ्या दिवशी विडाल बहुतेक वेळा निगेटिव्हच असायला हवी! दुसऱ्या दिवशीच पॉझिटिव्ह आली तर पहिला विचार असा करायचा की ही अँटिबॉडी जुनी आहे. आपल्याकडे पाणीपुरी, उसाचा रस, गळकी पाइपलाइन हे सगळं पचवून मोठ्या झालेल्या माणसाच्या रक्तात ती थोडीफार असतेच. वर मलेरिया, डेंग्यू, इतर जंतुसंसर्ग यांतही विडाल खोटी पॉझिटिव्ह येते. एकाच विडालवर टायफॉइडचं निदान पक्कं करू नये हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. बाहेर पडल्यावर आम्ही विसरतो.

उलट डेंग्यूचा एनएस१ हा विषाणूचा स्वतःचा भाग. तो पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतो आणि पाचव्या दिवसानंतर सापडायचा कमी होतो. दुसऱ्या दिवशी एनएस१ पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट उतरत्या, डोळ्यांमागे दुखणं, सर्दी-खोकला नाही. सगळं एकाच दिशेने बोट दाखवतंय. यात विडालच तेवढी दुसरीकडे तोंड करून बसली आहे.

दोन्ही आजार एकदम होऊ शकतात का? होतात, पण क्वचित. दर पावसाळ्यात गल्लीत दहा जणांना होतील इतके नाही.

टायफॉइडची खरी शंका असेल तर ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये उगवून बघणं), आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. एकदा इंजेक्शन गेलं की कल्चरमध्ये काही उगवण्याची आशा फार कमी होते.

निवृत्त_बँकर

डॉक्टरसाहेब, स्पष्ट विचारतो. तुम्हा लोकांना हे सगळं माहीत आहे, तर मग लिहून का देता? मला तरी यात फक्त बेड भरण्याचा हिशोब दिसतो.

स्टेथो_आणि_चहा

असा हिशोब करणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण दुसरी बाजूही ऐका. संध्याकाळी ओपीडीत चाळीस पेशंट. प्रत्येकाला आजच्या आज बरं व्हायचंय. "दोन दिवस थांबू, पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, रोज दाखवा" असं सांगितलं की पेशंट फी देतो आणि समोरच्या गल्लीत जाऊन सलाईन लावून घेतो. मग ताप पाचव्या-सहाव्या दिवशी उतरतो, कारण डेंग्यूचा ताप तसाही तेवढ्यातच उतरतो. श्रेय सलाईनला आणि इंजेक्शनला. पुढच्या वेळी अख्खी गल्ली तिकडेच.

कॉलेजरोडची_मीरा

आमच्या सासूबाईंचं ठरलेलं वाक्य आहे. "सुई टोचली नाही म्हणजे डॉक्टरला अजून अंदाज आलेला नाही."

लॅबवाला_नाना

डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय त्यात लॅबच्या बाजूने भर घालतो. तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय.

लॅबमध्ये नमुना येतो तेव्हा फॉर्मवर नाव, वय, टेस्ट असतं. 'तापाचा कितवा दिवस' हा रकाना शंभरात नव्वद वेळा कोरा. आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत. डेंग्यूची आयजीएम (शरीराने नव्याने बनवलेली अँटिबॉडी) साधारण पाचव्या दिवसापासून पुढे. पेशंट आठव्या दिवशी येऊन एनएस१ करतो, निगेटिव्ह येतं, आणि घरी जाऊन सांगतो डेंग्यू नाही! दुसरा एखादा पहिल्या दिवशी आयजीएम करतो, तीही निगेटिव्ह. दोघांचेही पैसे गोदेत. चिकुनगुनियाच्या आयजीएमचंही तसंच आहे, आधी करून उपयोग नाही. आणि कार्डावर एकटी आयजीजीची (जुन्या अँटिबॉडीची) रेघ उमटली तर घाबरू नका, तो बहुतेक जुना पाहुणा असतो.

दुसरं, कार्ड टेस्ट आणि एलायझा (लॅबमधली जास्त पक्की तपासणी) यात फरक आहे. कार्ड पंधरा-वीस मिनिटांत होतं, सोयीचं आहे, पण सरकारी नोंदीत डेंग्यू पक्का धरतात तो एलायझावर. पेपरात 'संशयित' आणि 'बाधित' असे दोन वेगळे आकडे येतात ते त्यामुळे.

तिसरं प्लेटलेट. मशीन पेशी मोजते आकारावरून. कधीकधी नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीनला ते प्लेटलेट वाटतच नाहीत. रिपोर्टवर ४० हजार छापून येतं, काचपट्टीवर बघितलं तर लाखाच्या वर असतात. म्हणून आकडा अचानक कोसळला तर आधी लॅबला फोन करून "स्मिअर (काचपट्टी) बघितला का" एवढं विचारा. चांगला लॅबवाला रागावत नाही.

कल्चरबद्दल एक सांगायचं राहिलं. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त लागतं एका बाटलीला. लोक बाटली बघून म्हणतात "एवढं?" आणि हात मागे घेतात. रक्त कमी घेतलं तर जंतू सापडण्याची शक्यता कमी. सगळं नीट केलं तरी टायफॉइडच्या निम्म्याच्या आसपास पेशंटमध्येच कल्चर उगवतं, हेही खरं. निगेटिव्ह आलं म्हणजे टायफॉइड नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही, तिथे डॉक्टरची अक्कल लागते. पण उगवलं तर कोणतं औषध लागू पडेल हेही कळतं. विडाल ते कधीच सांगत नाही.

दिंडोरीचा_बागाईतदार

नाना, हे वाचून हसू आलं. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत देठ परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस देत नाहीत. तेही बाग फुलोऱ्यात असतानाच देठ घ्यायचे, नंतर घेतले तर आकडा कामाचा नाही. डाऊनी आहे की भुरी (दोन्ही वेलीचे रोग) हे पान उलटं करून बघितल्याशिवाय कोणी पंप पाठीला लावत नाही, कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आणि त्याच शेतकऱ्याच्या पोराला ताप आला की मेडिकलवाल्याला फोन: "काहीतरी स्ट्राँग दे."

डाळिंब_सटाणा

दिंडोरीकर, अवांतर आहे पण सांगतोच. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा आमच्या कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यात स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकचे किती फवारे गेले असतील त्याची गणती नाही. पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध, हे मला गावच्या टीबीच्या कार्यकर्त्याने सांगितलं. मी तोंडात मारल्यासारखा गप्प.

स्टेथो_आणि_चहा

अजिबात अवांतर नाही. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला २०१९ मध्ये बंदी आली, तीही ह्याच कारणाने: अँटिबायोटिक सरसकट वापरलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. कोलिस्टिन आम्ही आयसीयूत अगदी शेवटचं शस्त्र म्हणून काढतो.

आणि टायफॉइडचं सांगायचं तर एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सॅसिनने तो पटकन आटोक्यात यायचा. आज आपल्या देशात त्या गटाला टायफॉइडचा जंतू बहुतेक दाद देत नाही. सेफ्ट्रिआक्झोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर भिस्त आहे. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिआक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. आपण नसलेल्या टायफॉइडवर तेच औषध सात-सात दिवस ओततोय.

पंचवटी_आयुर्वेद_प्रेमी

सगळं ठीक, पण डेंग्यूवर तुमच्याकडे औषध काय आहे? काहीच नाही. पपईच्या पानांचा रस, गुळवेल, बकरीचं दूध. माझ्या मेहुण्याच्या प्लेटलेट ३० हजारांवरून दोन दिवसांत दीड लाख. डोळ्यांनी बघितलंय.

कॉलेजरोडची_मीरा

किवी राहिली. डेंग्यूची साथ आली की नाशकात फळवाल्याचा सीझन द्राक्षाआधीच सुरू होतो.

स्टेथो_आणि_चहा

पंचवटीकर, विषाणूवर थेट औषध नाही हे मान्य. पण उपचार नाही असं नाही. आणि प्लेटलेट वाढल्या हे खरंच आहे, कारण ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत त्या आपणहून वाढायला लागतात, रस प्यायलात तरी आणि नाही प्यायलात तरी. पपईच्या पानांवर अभ्यास झाले आहेत, काहींत आकडा जरा लवकर वाढलेला दिसला, पण माणूस वाचण्याशी त्याचा संबंध दिसलेला नाही. रस कडूजहर असतो, आणि त्याने उलट्या झाल्या तर शरीरातलं पाणी जातं. डेंग्यूमध्ये आम्हाला नको असतं नेमकं तेच.

आता जरा लांब लिहितो, कारण सगळे प्लेटलेटच्या मागे आहेत आणि धोका दुसरीकडे आहे. डेंग्यूमध्ये माणूस दगावतो तो बहुतेक वेळा केशवाहिन्या पाझरायला लागल्यामुळे. रक्तातलं पाणी बाहेर पोटात, फुप्फुसाभोवती जातं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. आणि हे घडतं ताप उतरताना, म्हणजे घरचे "चला, सुटलो" म्हणून ऑफिसला जातात त्या २४ ते ४८ तासांत. म्हणून रिपोर्टवर प्लेटलेटच्या वर एक हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट आहे ते) नावाची ओळ असते, ती बघा. ती पहिल्यापेक्षा वीस टक्क्यांनी चढली तर पाणी पाझरतंय असं समजतात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा चढवत नाहीत. ५० हजारांना पिशव्या शोधत शहरभर धावायचं कारण नाही.

सतत उलट्या, पोटात जोराचं दुखणं, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, मूल सुस्त किंवा उगाच चिडचिडं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नाही. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या 'कॉम्बिनेशन'च्या गोळीत काय आहे ते पाठीमागे वाचा.

निवृत्त_बँकर

हे मात्र पहिल्यांदा कोणीतरी समजेल असं सांगितलं. आधीचे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.

आशाताई_पेठ

मी पेठ तालुक्यात आशा (गावची आरोग्य कार्यकर्ती) आहे. तुमच्या शहरात पॅनल असतं, आमच्याकडे मी असते. ताप म्हटलं की पहिलं बोटातून रक्त घेऊन मलेरियाची किट आणि काचपट्टी. थंडी वाजून, घाम येऊन ताप उतरतो आणि एक दिवस सोडून परत येतो, तसं असेल तर जास्तच लक्ष. पण मलेरिया नेहमी पुस्तकाप्रमाणे वागत नाही, म्हणून विचारत न बसता तपासायचं. किट निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला तर ताप असताना परत घ्यायचं.

द्राक्षाच्या छाटणीला आमची माणसं दिंडोरी-निफाडकडे जातात. तिथून कोणी ताप घेऊन येतं, इथून कोणी घेऊन जातं. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचं असतं. जंतू यकृतात दडून बसतो, त्याच्यासाठी ते औषध. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या पत्र्याच्या डब्यात जातात. मग दोन महिन्यांनी परत ताप, आणि म्हणतात ताई तुझं औषध खोटं.

भातलावणीनंतर ताप, पोटऱ्या जबर दुखतात, डोळे लाल, असं असलं तर मी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका घेऊन आरोग्य केंद्रात पाठवते. चिखलात उंदराच्या मूत्रातून होतो तो. आणि अंगावर काळी खपली दिसली, काखेत, जांघेत, कमरेला, तर स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. विदर्भात २०१८ ला बरेच सापडले होते. ती खपली दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही, कपडे बाजूला करून बघावं लागतं. बायका मला दाखवतात, डॉक्टरला दाखवत नाहीत.

स्टेथो_आणि_चहा

ताई, तुमची पोस्ट प्रिंट काढून आमच्या इंटर्नना देणार आहे. स्क्रब टायफस आणि लेप्टो दोन्ही वेळेत ओळखले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरे होतात. 'पॅनल'मध्ये ते बहुतेक नसतात.

सिडकोकर_मंग्या

मला काल घसा दुखून ताप आला. मेडिकलवाल्याने ॲझिथ्रोच्या तीन गोळ्या दिल्या. घेऊ का?

कॉलेजरोडची_मीरा

मंग्या, तू धागा वाचलास की फक्त आपल्या कमेंटला किती बदाम आले ते बघितलंस?

स्टेथो_आणि_चहा

घशाचे बहुतेक ताप विषाणूचे असतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय तर आणखीच नक्की. मिठाच्या गुळण्या, पॅरासिटामॉल, आराम. टॉन्सिलवर पू, गळ्यात गाठी, खोकला अजिबात नाही, असं असेल तर दाखव. साठीच्या पुढचे, गर्भवती, दमा किंवा मधुमेह असलेले यांना फ्लूची शंका असेल तर मात्र थांबायचं नाही. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं.

उंटवाडी_एक्सप्रेस

डासांचं कोणी बोलतच नाही. आमच्या सोसायटीत दर वर्षी मागणी: धूरवाली गाडी बोलवा. गाडी येते, सगळे खोकतात, फोटो ग्रुपवर पडतो. डेंग्यू तिथेच.

लॅबवाला_नाना

धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, मादी दिवसा चावते आणि अंडी घालते साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला. अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून घासायचं. नुसतं ओतायचं नाही, घासायचं. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, मनीप्लँटची बाटली. बांधकाम चालू असेल तर लिफ्टचा खड्डा.

गोदाकाठची

उशिरा लिहितेय, सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. गंगापूर रोडच्या एका फिजिशियनकडे दाखवलं. त्यांनी अंग, पोट तपासलं, बीपी उभं करून आणि झोपवून घेतलं, आणि ॲडमिट करायची गरज नाही म्हणाले. ब्लड कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक दिलं नाही. रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवी किती वेळा होते त्याची वही. ताप पाचव्या दिवशी उतरला. त्यानंतरचे दोन दिवस मेहुण्यांनी रजा काढून घरी पहारा दिला. प्लेटलेट ६२ हजारांपर्यंत गेल्या आणि वळल्या, हिमॅटोक्रिट जागचा हलला नाही. कल्चर पाच दिवसांनी निगेटिव्ह. आता अंगावर लाल पुरळ आहे आणि तळवे खाजतायत, ते बरं होतानाचं लक्षण आहे म्हणाले.

एकच विचारायचं राहिलं. धाकटी भाची आहे, तिला टायफॉइडची लस देऊन ठेवू का? आणि लस दिली की पुढे विडाल कायमची पॉझिटिव्ह येईल का?

सिडकोकर_मंग्या

अभिनंदन ताई! माझा घसाही बरा झाला, गोळ्या न घेता. कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.

स्टेथो_आणि_चहा

उत्तम झालं. पण त्याला सांगा, डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एकदा झाला म्हणजे सूट मिळाली असं नाही. दुसऱ्यांदा झाला तर जास्त सांभाळावं लागतं.

लस द्या. कॉन्जुगेट लस, एक डोस, सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे चालते. आपल्याच राज्यात नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना मोहीम काढून दिली होती. विडालची काळजी नको. ही लस जंतूच्या बाहेरच्या आवरणाविरुद्ध असते, विडाल ओ आणि एच हे वेगळे भाग बघते. जुन्या लसीत तो गोंधळ व्हायचा. लस घेतली तरी पाणी उकळणं सोडू नका, संरक्षण शंभर टक्के नसतं.

आशाताई_पेठ

आणि पुढच्या वेळी ताप आला की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. दवाखान्यात गेलं की पहिलं तेच विचारतात आणि घरात प्रत्येक जण वेगळा वार सांगतो.

लॅबवाला_नाना

आणि तो दिवस फॉर्मवर लिहून आणा. रकाना आहे तिथे.